खोकला थांबला तेव्हा

आमच्या घरात जेवताना कुणाला ठसका लागला की बाकीचे एक खेळ खेळतात. कोणीतरी आठवण काढतंय, असं म्हणायचं आणि एकेकाचं नाव घ्यायचं. ज्या नावाला खोकला थांबेल, त्याने आठवण काढली. म्हैसुरात आमच्या चार पिढ्या गेल्या, त्यामुळे या खेळात इथली एक भर पडली आहे. अडकलेला घास नेत्तीला, म्हणजे डोक्याच्या टाळूला चढला असं कन्नडमध्ये म्हणतात. म्हणून नावं घेता घेता डोक्यावर थापटायचंही असतं.

त्या रविवारी दुपारी आम्ही दादाकडे जेवायला होतो. मटणाचं सार आणि रागीमुद्दे. नाचणीचा हा उकडलेला गोळा कोणी चावत नाही. तुकडा मोडायचा, सारात बुडवायचा आणि गिळायचा. दादा सत्तरीचा, कवळी नवीन. त्याने मुद्द्याबरोबर मटणाचा तुकडाही न चावता गिळला, हे नंतर कळलं.

त्याला ठसका लागला. वहिनींनी डोक्यावर थापटायला सुरुवात केली.

"कोण असेल? बन्नीमंटपच्या आत्या?"

दादा खोकतच होता.

"त्या कुठल्या आठवण काढतात," माझी बायको म्हणाली. "कपाळावरचा चष्मा घरभर शोधतात त्या."

"मग मेटगळ्ळीचे व्याही. लग्नातल्या जेवणावरून अजून बोलून दाखवतात ना!"

खोकला थांबला.

"बघा भावजी, व्याहीच निघाले!" वहिनी हसल्या. मीही हसलो आणि दादासाठी पाण्याचा पेला घेऊन उठलो.

दादाची धाकटी मुलगी हसली नाही. ती कडकोळच्या एका कारखान्यात नोकरी करते आणि तिथल्या प्रथमोपचार पथकात आहे. तिचं मराठी बेताचं, त्यावरून घरात तिची रोज थट्टा होते. ती ताटावरून उठून वडिलांसमोर आली होती.

"अप्पा, घास अडकला? बोला. बोला अप्पा."

दादाने तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्याचा हात गळ्याकडे गेला.

मी पेला पुढे केला.

"पाणी बेडा, नको काका! अम्मा, डोकं सोड त्यांचं. काकी, ॲम्ब्युलन्सला फोन कर."

तिने दादाला उभं केलं. बाजूला, किंचित मागे उभी राहिली, एक हात त्याच्या छातीवर ठेवून त्याला पुढे वाकवलं आणि दुसऱ्या तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे जोराने मारलं. प्रत्येक वेळी त्याच्या तोंडाकडे पाहत होती. पाच वेळा मारलं. काही पडलं नाही. दादाचे ओठ काळसर दिसू लागले होते.

मग ती त्याच्या पाठीमागे गेली. कमरेभोवती हात घालून एक मूठ बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली ठेवली, ती दुसऱ्या हाताने धरली आणि आत व वरच्या दिशेने झटका दिला. पहिल्या झटक्याने काही झालं नाही, दुसऱ्यानेही नाही. तिसऱ्याला मटणाचा तुकडा ताटात पडला.

दादाने मोठ्याने श्वास घेतला. मग खोकला. तो खोकला ऐकून वहिनी रडू लागल्या.

या सगळ्याला किती वेळ लागला यावर एकमत नाही. बायको म्हणते पाच मिनिटं, पुतणी म्हणते दोनही नसतील. बातमीदार म्हणून 'किती वाजता' हा प्रश्न मी तीस वर्षं लोकांना विचारला. त्या दिवशी मी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. माझ्या हातात पेला तसाच होता.

चूक कुठे होती, ते तिने आम्हाला ॲम्ब्युलन्सची वाट पाहताना सांगितलं. माणूस खोकतोय तोवर त्याला खोकू द्यायचं, उलट 'जोरात खोका' म्हणायचं. खोकला येईनासा झाला, बोलता येईना, की वेळ घालवायचा नाही. आम्ही नेमके त्याच क्षणी हसलो होतो.

पोटावर झटके दिले की आत इजा झालेली नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं लागतं. म्हणून तिने दादाला दवाखान्यात नेलंच. काय झालं, असं डॉक्टरांनी विचारलं.

"मगळु होडेदळु," दादा म्हणाला. मुलीने मारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, तिने सगळं सांगितलं. पोट तपासून झाल्यावर ते म्हणाले, घरी जा, काही झालेलं नाही. दादाने त्यांना दोनदा विचारून घेतलं, मटण खाल्लं तर चालेल ना. चावून, ते म्हणाले.

आता आमच्याकडे ठसका लागला की कोणी कुणाचं नाव घेत नाही. सगळे हात थांबवून खोकणाऱ्याकडे बघतात. परवा दादालाच ताकाचा ठसका लागला. चार माणसं एकदम उठली.

"अरे, खोकतोय मी," दादा खोकत खोकत म्हणाला. "ऐकू येतंय ना? बसा, जेवा."

आम्ही बसलो.