वीस किलोत बावीस

सदाशिवराव आमच्या वणीजवळच्या गावचे कापूस व्यापारी. कपाळावर गंध, हातात माळ आणि नजर काट्यावर. कापसाचा भाव पडला त्या वर्षी ते चारचौघांत शेतकऱ्यांसाठी डोळे पुसायचे आणि मग मोजायला बसायचे. वीस किलोचं लोखंडी वजन पोखरून त्यात त्यांनी भलताच जड धातू भरला होता. खरं वजन बावीस. या माणसाची मला किळस येते, हे आधीच सांगतो.

एकदा वजनमापे खात्याच्या साहेबानं ते वजन धरलं. आतल्या धातूला कानस लावली तशा ठिणग्या उडाल्या. तपासलं तर निघालं युरेनियम.

सदाशिवरावांनी हात झटकले. "मले काय मालूम साहेब? वणीच्या त्या भंगारवाल्या वाहिदनं देल्लं."

नाव वाहिद, मग पोलिसांना पुढचं काही विचारावंसं वाटलं नाही. पेपरवाल्यांनी बॉम्ब छापला. वाहिद आत गेला आणि त्याची बायको अकीला चार महिने यवतमाळच्या जेलात खेपा घालत राहिली. ज्यांनी त्याच्याकडून जुने पंप नेले होते, ते म्हणू लागले, आम्हाला आधीच शंका होती. मी गप्प बसलो, म्हणजे माझीही लायकी तेवढीच.

मग मुंबईच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. युरेनियमचे काही अणू हलके असतात, बाकीचे जड. खाणीतल्या मालात हजारी सात हलके, यात जेमतेम दोन. म्हणजे हलके काढून घेतल्यावर उरलेला चोथा. त्याचा बॉम्ब होत नाही. लोखंडाचे सांधे तपासायच्या कॅमेऱ्याच्या पेटीत एक्स-रेसारखे घातक किरण अडवायला तो घालतात. अशी पेटी जिल्ह्यात एकाच ठेकेदाराकडे होती. तो पिंटू, सदाशिवरावांचा जावई. त्याच्या गोदामात कापलेली पेटी सापडली आणि दोन्हीकडचं अणूंचं प्रमाण तंतोतंत जुळलं.

वाहिद सुटला. जामिनावर सदाशिवरावही सुटले आणि आठ दिवसांत वाहिदच्या दुकानात हजर. मी तिथंच होतो. वाटलं, माफी मागतील.

"वाहिदभाई, झालं गेलं जाऊ द्या. एखादा जड तुकडा हाये का? साधाच पायजे."

वाहिदनं हातातली पक्कड खाली ठेवली.

"हाये नं. पण तुमच्या नावानं पावती फाडीन, आन् तिची एक नक्कल ठाण्यात देऊन येईन. कुठून आला हे इचाराले पुन्हा मुंबईले जायचं काम पडू नये."