नजरबाईंचा तिसरा दात

बाईंना गिरणीत सगळे नजरबाई म्हणायचे, आणि ते काही लाडाने ठेवलेलं नाव नव्हतं. रंगखात्यातून कापडाचा लॉट निघाला की त्याचा एक तुकडा बाईंच्या टेबलावर यायचा. शेजारी गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना असायचा. बाई दोन्हींकडे एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, "परत." बस्स, विषय संपला. मग रंगखात्यातली माणसं मनातल्या मनात बाईंचा उद्धार करत सगळा लॉट पुन्हा रंगवायला घ्यायची. पण बाईंनी 'चालेल' म्हटलेलं कापड बावीस वर्षांत गिऱ्हाइकाकडून कधी परत आलं नाही, हेही तीच माणसं छातीठोकपणे सांगायची.

मग मंदी आली. ती काही वाजतगाजत येत नाही. आधी तिसरी पाळी बंद झाली, मग दुसरी, मग कँटीनमधला पंखा बिघडला तो कोणी दुरुस्तच करेना. एका सोमवारी फाटकावर कागद लागला आणि तीनशे माणसं आपापला डबा न उघडता घरी गेली. बाई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. नवीन काही शिकायला उशीर झालेला आणि घरी बसायला फार लवकर, असं ते अडनिडं वय.

घरात माणसं तीन. बाई, नवरा आणि सासूबाई. नवरा एका गोदामात माल चढवणारी गाडी चालवायचा, आणि तिथेही आठवड्याचं काम सहा दिवसांवरून तीन दिवसांवर आलं होतं. बाईंना काम मिळालं नाही तर घर चालणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. त्यामुळे त्यावर कोणी बोलत नव्हतं. बाईंना दुसरंच एक शल्य होतं. जिथे जावं तिथे विचारायचे, "काय येतं तुम्हाला?" बाई सांगायच्या, "रंग बघता येतो." समोरचा माणूस पुढचं ऐकायला थांबायचा, आणि पुढे काही नसायचं.

रंगाच्या दुकानात गेल्या, तर मालक म्हणाला, "रंग आता मशीन मिसळतं. तुम्ही डबे उचलाल का?" बाईंनी डबे उचलले. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. मग एका मोठ्या दुकानात चादरी-टॉवेलांच्या विभागात उभं राहायचं काम मिळालं. तिथे आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी एका गिऱ्हाइकाने टॉवेलांची जोडी उचलली आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "नका घेऊ. दोन्ही वेगवेगळ्या लॉटचे आहेत, एक मळकट दिसतोय." गिऱ्हाईक जोडी ठेवून निघून गेलं. मॅनेजरने बाईंना बाजूला बोलावलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?"

त्या दिवशी बाई घरी येऊन पहिल्यांदा रडल्या. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "खोटं तर बोलली नाहीस ना? मग रडतेस कशाला? उद्या दुसरीकडे जा." दुसऱ्या दिवशी बाई खरंच दुसरीकडे गेल्या. पुढच्या दोन महिन्यांत अशा अकरा ठिकाणी गेल्या. अकराही ठिकाणी नकार मिळाला, पण घरून निघायची वेळ मात्र त्यांनी बदलली नाही. गिरणीची पाळी साडेसातची होती, तर त्या साडेसातलाच बाहेर पडायच्या.

काम मिळालं ते सासूबाईंच्या कवळीमुळे. कवळी हातातून पडून दुभंगली होती, ती घेऊन बाई दातांच्या लॅबमध्ये गेल्या. लॅब म्हणजे दोन खोल्या. एकीत प्लास्टरचे जबडे फळीवर मांडलेले, दुसरीत भट्टी, आणि सगळीकडे पांढरी धूळ. लॅबचे मालक साठीचे होते, त्यांना सगळे दातमास्तर म्हणत. शहरभर दात पुरवणाऱ्या या गृहस्थांच्या स्वतःच्या तोंडात मात्र पुढे एक खिडकी होती. दिव्याखाली अंधार! मास्तर नमुन्याच्या दातांची पट्टी आणि नुकतीच केलेली एक कॅप शेजारी धरून बघत होते. डॉक्टरांनी ती कॅप दोनदा परत पाठवली होती.

"नाही जुळत," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला दातांतलं कळतं?"

"दातांतलं काहीच कळत नाही. पण नमुना तांबूस आहे, आणि तुमची कॅप हिरवट आलीय. खिडकीशी या, दिसेल."

मास्तर खिडकीशी गेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कवळीची पावती लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "काय करता तुम्ही?" बाईंनी सगळं सांगितलं. मास्तर म्हणाले, "मंदीत लोक दात दुखला तर गोळी घेऊन गप्प बसतात. मला माणूस ठेवणं परवडत नाही. पण माझी नजर आता दगा देते. तीन महिने उमेदवारी करा. जमलं तर ठेवतो, नाही जमलं तर राग मानू नका."

अडीच महिने बाईंनी पडेल ते काम केलं. प्लास्टर ओतलं, जबडे घासले, भट्टी पुसली. आपल्याला लेक असती तर तिच्याएवढी असती, अशा एका तंत्रज्ञ मुलीकडून कुंचला धरायला शिकल्या. ती मुलगी दुसऱ्या शहरात निघून गेल्यावर तिच्या खुर्चीत बसल्या. दाताचा सांगाडा मास्तर करायचे, त्यावरचे चिनीमातीचे रंगीत थर बाई चढवायच्या. मागच्या दाढा त्यांना जमू लागल्या. दाढेकडे बघतो कोण? खरी परीक्षा समोरच्या दाताची, आणि ती उमेदवारीच्या शेवटच्या पंधरवड्यात आली.

तो दात एका तिशीच्या बाईचा होता. ती एका हॉटेलात येणाऱ्यांचं स्वागत करायची. हॉटेल बंद पडलं, आणि त्याच महिन्यात जिन्यावरून पडून समोरचा दात मुळाशी तुटला. आता पुढच्या गुरुवारी तिची दुसऱ्या हॉटेलात मुलाखत होती. डॉक्टरांनी नमुन्याच्या पट्टीवर बघून रंगाचा नंबर कागदावर लिहून पाठवला, बाईंनी त्या नंबराप्रमाणे चोख दात केला, आणि तो परत आला. डॉक्टरांचा निरोप होता, "बाहुलीचा दात वाटतो."

"मी बघून येते," बाई म्हणाल्या. मास्तर हसले. दात करणारा माणूस पेशंटला बघायला जातो, असं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण जाऊ दिलं.

दवाखान्यात ती बाई तोंडावर हात धरूनच बोलत होती. नजरबाईंनी तिला खिडकीजवळ बसवलं आणि गिरणीतल्या शिस्तीने कामाला लागल्या. रंगखात्यातला पहिला धडा असा की ओलं कापड खोटं बोलतं. ओलं असताना रंग गडद दिसतो, म्हणून आधी पिळा, वाळवा, गार होऊ द्या, मगच बघा. नवीन माणसाने ओल्या कापडावर मत दिलं तर नजरबाई त्याच्याशी दिवसभर बोलत नसत. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "शेजारचा दात आधी नीट कोरडा करा." डॉक्टरांनी कापूस लावला, हवा मारली. बाईंनी चांगली दहा मिनिटं वाट बघितली आणि मग पट्टीवरचा नमुना शोधला. इतक्या काळजीने त्यांनी आयुष्यात रंग बघितला नव्हता.

तो दुसरा दातही परत आला. या वेळी तर खडूसारखा पांढरा दिसत होता.

बाईंना खरंच काही कळेना. ज्या नजरेच्या जिवावर इथवर आलो तीच गेली की काय, असं त्यांना वाटायला लागलं. मास्तरांनी कॅप हातात घेतली, खाली ठेवली. "बाई, मी तुम्हाला शब्द दिला होता. तिसऱ्यांदा करा. पण हाही परत आला, तर मला डॉक्टर सोडून जातील. मग तुम्हाला ठेवता येणार नाही." मास्तरांच्या आवाजात राग नव्हता, उलट त्यांना वाईट वाटत होतं. बाईंना रागच बरा वाटला असता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी बाईंनी आरसा खिडकीत लावला, रुमालाने स्वतःचा पुढचा दात पुसला आणि ओठ बोटाने वर धरून बघत राहिल्या. पण आपलीच नजर, आपलाच दात, त्यात खात्री पटेना. मग त्यांनी नवऱ्याला खुर्चीत बसवलं.

"अहो, तोंड उघडा आणि मिटू नका."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत. जीभ आत. दाताला लागू द्यायची नाही."

सासूबाई दारातून बघत होत्या. "माझे घे की," त्या म्हणाल्या, "काढूनच देते. त्याला बिचाऱ्याला कशाला छळतेस?"

"तुमचे सुकले काय, भिजले काय, सारखेच राहतात," बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. कवळीचे दात सारखेच राहतात. मग खरे दात?

नवरा तोंड वासून बसला होता. पाच मिनिटं झाली. दाताची कड खडूसारखी पांढरी दिसायला लागली. दहा मिनिटांनी सगळा दातच पांढुरका पडला. मुळाशी असलेली पिवळसर झाक गेली, टोकाचा निळसर पारदर्शकपणा गेला. "आता मिटा," बाई म्हणाल्या. नवऱ्याने तोंड मिटलं, पाणी प्यायला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच दहा मिनिटं न बोलता काढल्याबद्दल बक्षीस मागितलं. बाईंनी अर्ध्या तासाने पुन्हा ओठ वर करायला लावला. दात होता तसा झाला होता.

म्हणजे कापडाचं उलटं! कापड ओलं असताना खोटं बोलतं, दात कोरडा असताना. तोंडात दात कधी कोरडा नसतोच, आणि आपण त्याला सुकवून, पांढरा करून मग त्याचा रंग घेतला. बाईंना लाज वाटली, आणि लाजेच्या दुप्पट हायसं वाटलं. नजर शाबूत होती. चुकली होती ती बावीस वर्षांची सवय.

सोमवारी सकाळी डॉक्टर यायच्या आधीच बाई दवाखान्याच्या पायरीवर हजर होत्या. त्या बाईलाही लवकर बोलावलं होतं. "काही करायचं नाही," नजरबाई म्हणाल्या, "पाणी प्या आणि माझ्याशी बोला."

"काय बोलू?"

"मुलाखतीत काय सांगणार आहात ते सांगा."

ती तोंडावर हात धरून बोलायला लागली, बोलता बोलता हात खाली आला, आणि बाई तिच्या तुटलेल्या दाताशेजारच्या दाताकडे बघत राहिल्या. मुळाशी पिवळसर, मध्ये किंचित करडा, टोकाला निळी झाक, आणि मधोमध केसाएवढी एक पांढरी रेघ. बाईंनी सगळं वहीत काढून घेतलं. गिरणीत अशी रेघ दिसली असती तर अख्खा लॉट परत गेला असता. आता तीच रेघ मुद्दाम काढायची होती, आणि ती काढताना बाईंचा हात दोनदा अडला. मास्तर मागे येऊन उभे राहिले. "डाग घालताय?"

"डागच आहे तिथे," बाई म्हणाल्या, आणि दात भट्टीत ठेवला.

बुधवारी बाई कॅप घेऊन स्वतः गेल्या. डॉक्टरांनी ती बसवली आणि बाजूला झाले. तेवढ्यात दुसऱ्या खोलीतून नर्स आली. तिने पेशंटच्या तोंडात वाकून बघितलं. "छान बसलाय," ती म्हणाली आणि शेजारच्या, तिच्या स्वतःच्या खऱ्या दाताकडे बोट दाखवलं. पेशंट हसली. हात सवयीने तोंडाकडे निघाला आणि मध्येच थांबला. नजरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

लॅबमध्ये मास्तर वाटच बघत होते. "परत?"

"नाही."

मास्तरांनी मोठा श्वास सोडला. "मग आजपासून तुम्ही पक्क्या."

"एक अट आहे," बाई म्हणाल्या.

मास्तरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बाहेर कामासाठी रांगा लागल्यात, आणि अट तुम्ही घालताय?"

हातात आलेलं काम आपण पुन्हा पणाला लावतोय, हे त्यांना पुरतं कळत होतं. "समोरचा दात असेल तर मी आधी माणूस बघणार. डॉक्टरांनी हात लावायच्या आधी, ओला दात, खिडकीच्या उजेडात. नुसत्या नंबरावर दात करणार नाही."

"तीस वर्षं मी नंबरावरच केले."

"म्हणूनच परत येत होते."

मास्तर लाल झाले, मग हळूहळू पूर्वीसारखे झाले. "कालपर्यंत उमेदवार होतात तुम्ही," ते म्हणाले.

"कालपर्यंत होते."

मास्तरांनी खण उघडला, नव्या कामाचे तीन कागद काढले आणि ते टेबलावरून सरकवले. तिन्ही समोरचे दात होते, तीन वेगवेगळ्या दवाखान्यांतले. बाईंनी पहिल्या कागदावरचा दवाखान्याचा नंबर बघून फोन लावला.

"उद्या नऊला येतेय," त्या म्हणाल्या. "मी येईपर्यंत पेशंटच्या तोंडाला कोणी हात लावू नका."

"कोण बोलतंय?" पलीकडून विचारलं.

"लॅबमधून बोलतेय," बाई म्हणाल्या. "दात मी करते."