खुर्ची सरकवणारा देव

आईला मुलीनं पहिल्यांदा नीट पाहिलं ते वयाच्या आठव्या वर्षी, इस्पितळाच्या धुलाईघरात. घरातली आई रोजचीच होती, भिंतीसारखी, असून न दिसणारी. त्या दिवशी शाळा लवकर सुटली आणि किल्ली घ्यायला ती तिकडे गेली. दारातून आधी नुसती वाफच दिसली. मग वाफेत एक बाई. लांबलचक टेबलापाशी उभी, हातात जड इस्त्री, बाजूला चादरींचा ढीग. ओठ हलत होते.

"कुणाशी बोलतेस गं?"

"देवाशी. ह्या चादरीवर जो कुणी झोपेल ना, त्याच्याबद्दल," आई म्हणाली. "किल्ली पिशवीत आहे. आणि जिना धावत चढू नकोस."

मुलीची नजर मात्र आईच्या पायांवर. घोटे पावासारखे फुगले होते. खोलीत खुर्ची एकच, आणि तीत मुकादम बसला होता. बायका त्याला पाठीमागे 'कडक कॉलर' म्हणत. त्यांनी एकदा बसायला स्टुलं मागितली, तर म्हणाला, "तुम्ही बसलात की चादरीही पेंगायला लागतील."

आईला अक्षरओळख नव्हती. म्हणून संध्याकाळी जेवणाआधी मुलगी पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक भाग मोठ्यानं वाचायची, ओळीखालून बोट फिरवत. समोर बसून आई ऐकायची. एकदा ऐकलेलं वचन तिच्या मनात कायमचं घर करायचं. ते पुन्हा म्हणताना ती आधी पुस्तकावर हात ठेवायची, मगच तोंड उघडायची.

त्या संध्याकाळी वाचता वाचता मुलीला ते घोटे आठवले. आणि पुस्तकात नसलेली एक ओळ तिनं बिनदिक्कत घुसडून दिली, "जे दिवसभर उभे असतात, त्यांच्यासाठी परमेश्वर स्वतःच्या हातानं खुर्ची सरकवतो."

 आई म्हणाली, "पुन्हा वाच."

मुलीनं पुन्हा 'वाचली'.

झालं! ती ओळ आईच्या ओठांवर बसली ती बसलीच. धुलाईघरातल्या बायका इस्त्री फिरवताना ती म्हणू लागल्या. शेजारची सुतारीणकाकू अंथरुणाला खिळली, तेव्हा आई मुलीला घेऊन तिच्या उशाशी गेली आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणाली. काकू क्षीण हसली. "देवाला सांग, खुर्ची आमच्या ह्यांनी केलेली नको. एक पाय हमखास आखूड." दोन दिवसांनी काकू शांतपणे गेली.

मुलीच्या मनात तेव्हापासून कुसळ सलू लागलं. आपण देवाच्या पुस्तकात भेसळ केली, आणि आईनं ती सगळ्यांना वाटली. सांगायचं रोज ठरायचं, रोज राहून जायचं. असं करता करता तिचं लग्न झालं, तिलाही मुलं झाली.

मग आई निवृत्त झाली आणि चर्चच्या मंडळीनं तिला रविवारी उपासनेत, देवानं आपल्याला कसं सांभाळलं याची साक्ष द्यायला सांगितलं. आदल्या दिवशी सकाळी मुलगी भेटायला आली, तर आई म्हणाली, "मी बाई ते खुर्चीचंच सांगणार."

 नवे पाळक शास्त्राचं पान न् पान जाणणारे. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, हे वचन कुठलं, तर? जन्मात खोटं न बोललेली बाई खोटी ठरणार, तीही पोटच्या पोरीपायी.

"आई, ती ओळ पुस्तकात नाही. मी घातली होती."

आई टॉवेलाची घडी घालत होती. ती तिनं पुरी केली. "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. तुझं बोट थांबलं होतं आणि तोंड पळत होतं. मला अक्षरं दिसत नाहीत, बोट दिसतं."

"मग पुन्हा का वाचायला लावलीस?"

"पाठ करायला."

 आई पुढे म्हणाली, "ती ओळ म्हणताना मी कधी पुस्तकावर हात ठेवला का? आठव बघू."

तिनं आठवून पाहिलं. कधीच नाही. हात असायचा तो तिच्या खांद्यावर. तिला वाटे, माया करतेय.

"ते वचन नव्हतंच, चिमणे. मागणं होतं. तू पहिल्यांदा आपणहून देवाकडे काही मागितलंस, तेही माझ्या पायांसाठी. ते मी खाली पडू देते होय?"

"निदान रागवायचंस तरी!"

"आणि परत कधी मागितलं असतंस का?"

 इतक्या वर्षांत आपण ह्या बाईला दुसऱ्यांदाच पाहतोय, असं मुलीला वाटलं. आपण ज्याला पाप म्हणून लपवलं, ते हिनं धुऊन, घडी घालून, आजाऱ्यांच्या अंगाखाली अंथरलं होतं.

रविवारी आईनं तिला शेजारी उभं केलं आणि खांद्यावर हात ठेवला. "हे शास्त्रात नाही. हे हिचं आहे," म्हणाली, आणि ती ओळ म्हणून दाखवली. पाळकांनी चष्मा काढला. सगळ्यांत आधी आमेन त्यांचंच आलं.

आई आता एकोणनव्वद वर्षांची आहे. रोज सकाळी ती खिडकीपाशी एक उशीचा अभ्रा इस्त्री करते, खुर्चीत बसून.