रिकामं आभाळ पाहणारे सर

कुणी नवा शोध लागल्यासारखं तोंड भरून सांगू लागलं, की आमचे सर अभिनंदनाच्या भानगडीत पडत नसत. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारत, "रिकामं आभाय पाह्यलं काय?" अकोल्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना या एका प्रश्नाने त्यांनी किती जणांचे पेढे परत पाठवले असतील, देव जाणे.

मी त्यांच्याच हाताखाली संशोधन करायचे. आमचं काम कृष्णविवरांचं. शेजारच्या ताऱ्याचा वायू कृष्णविवर ओढून घेतं. आत पडण्याआधी तो वायू तापतो, क्ष-किरण फेकतो, आणि ते किरण सेकंदात कितीदा तरी कमीजास्त होतात. ही थरथर उपग्रह टिपतो. आम्ही अकोल्यात बसून ती उलगडायचो. पुण्याच्या एका पाहुण्याने विचारलं, "इथून हे कसं जमतं?" सर म्हणाले, "कावून? कृष्णविवर पुण्याले जवळ हाय काय?"

थरथर खरी की यंत्राची, हे ओळखायची त्यांची रीत साधी होती. उपग्रहाने आभाळाच्या रिकाम्या तुकड्याकडे पाहून घेतलेल्या नोंदी आधी तपासायच्या. तीच लय तिथेही दिसली, तर ती कृष्णविवराची नव्हे. "आपल्याच पायातलं पैंजण वाजून राह्यलं, अन् आपन म्हनतो लक्ष्मी आली!"

मला एक सुरेख लय सापडली तेव्हा सरांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. उभ्या नोकरीत त्यांच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता. आम्हा दोघांचा हा पहिलाच. त्या आनंदात मी रिकामं आभाळ तपासलं नाही, आणि नवल म्हणजे सरांनीही विचारलं नाही. निबंध छापायला गेला. सरांनी विभागात स्वतःच्या हाताने आलुबोंडे वाटले.

चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. संगणकावर रिकाम्या आभाळाचा आलेख होता आणि माझी लय त्यात ऐटीत उभी होती. मला रडूच फुटलं.

"रडून कावून राह्यली? इचारायचं काम माहं होतं."

त्याच दुपारी त्यांनी निबंध मागे घेतला. मग ज्याला ज्याला आलुबोंडा दिला होता, त्याच्या टेबलापाशी जाऊन सांगितलं, "मी चुकलो." निबंधाविनाच ते निवृत्त झाले.

पुढे अमरावतीला काम करताना मला खरी लय मिळाली, रिकाम्या आभाळात कुठेच नसलेली, दिवसागणिक वेग बदलणारी. निबंधावर सरांचं नाव पहिलं लिहून मी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी गेले. त्यांनी सगळी पानं वाचली, आलेख दोनदा पाहिले, मग पेन मागून स्वतःचं नाव खोडलं.

"सर, तुम्हीच शिकवलं ना हे?"

"शिकवाचा पगार भेटला मले. हे काम तुहं हाय."

मी पुष्कळ विनवलं. ते ऐकले नाहीत. गेल्या वर्षी सर गेले. ते नाव खोडू दिलं याचं मला अजून वाईट वाटतं, आणि त्यांनी ते खोडलं याचा अभिमान त्याहून जास्त वाटतो.