आबांच्या वाटणीची गोळी

आबांनी जन्मात कधी विडी एकट्यानं ओढली नाही. विडी पेटवायची, मुठीत धरून बांधावर बसायचं आणि वाटेनं जाणाऱ्याला हाळी द्यायची, "ये रं, दोन झुरकं मार, मग जा!" माणूस येईपर्यंत विडी विझली तरी हरकत नाही, पण आबा तोंडाला लावायचे नाहीत. कुसगावात दोघांचं भांडण मिटवायचं झालं, तर आबा त्यांच्या मध्ये बसून एक विडी फिरवायचे. भांडण खरंच मिटायचं.

ते माझे चुलत सासरे. सासरेपणाचा धाक मात्र कधी दाखवला नाही. माझं पिठलं खाताना विचारायचे, "सूनबाई, मिरची कुटं गेली, म्हायेरी?"

पण त्यांचा खोकला मला आवडत नव्हता. मी लोणावळ्याच्या बाजारात एका दवाखान्यात औषधं बांधून द्यायचं काम करायची. दिवसभर खोकलेच ऐकायची. आबांचा खोकला त्यांतल्या कशासारखाच नव्हता. तो सुरू झाला की गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवायची. शेवटी वैशाखात मी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी बराच वेळ छाती तपासली. नळी काढून ठेवली आणि म्हणाले, "विडी आज सुटली, तर अजून पावसाळे बघाल. नाही सुटली, तर येतोय तो शेवटचा धरा."

"सोडतो की मी," आबा म्हणाले. "पन ती सोडंल का मला?"

अशा माणसांसाठीच डॉक्टरांनी मुंबईहून एक औषध मागवलं होतं. गोळ्या. तेव्हा हे अगदी नवीन होतं आणि सहज मिळतही नव्हतं. तलफ आली की विडीऐवजी गोळी घ्यायची, आणि बाटली संपेपर्यंत विडीला शिवायचं नाही. डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते, "अर्धं औषध म्हणजे औषध नव्हे, आबा." बाटली मीच त्यांच्या हातात दिली आणि वाटभर तेच बजावलं.

पहिले काही दिवस आबा नुसते भडकलेले असायचे. ताटावरून उठायचे, बैलावर ओरडायचे. मला बरं वाटलं, औषध लागू पडतंय म्हणून. मग ते एकदम शांत झाले, पूर्वीसारखे हसरे. बाटली भराभरा रिकामी होत होती आणि खोकला वाढत होता. मला काही कळेना. एकदा धोतराच्या सोग्यावर लाल डाग दिसला. "पान खाल्लं," म्हणाले. आबा पान खात नसत.

आवणीला आमच्याकडे इर्जिक घालतात. सगळ्या गड्यांनी मिळून एकाचं भात लावायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. मी भाकरी घेऊन खाचरावर गेले. जेवणं झाली. आबांनी कमरेची बाटली काढली आणि प्रसाद वाटावा तशी एकेकाच्या हातावर एकेक गोळी ठेवली. सगळ्यांनी भक्तिभावानं गिळली. मग त्यांच्या शेजारी बसलेल्या धोंडिबानं, म्हणजे त्यांच्या जन्माच्या सोबत्यानं, विडी पेटवली आणि ती रांगेत फिरली. आबांनीही झुरका घेतला.

कपाळ माझं! डोक्यावर पदर होता म्हणून काय तोंड बंद राहतं? सगळ्या गड्यांदेखत ओरडले, "आबा, हे औषध तुमच्या जिवासाठी आहे! खिरापत नाही!"

आबा जराही रागावले नाहीत. म्हणाले, "सूनबाई, बिडी कदी एकट्यानं वडली न्हाई. औशद एकट्यानं कसं खाऊ? ह्यांच्या छात्या काय लोखंडाच्या हायती व्हय?"

मला रडू आलं. दवाखान्यात जाऊन सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, मुंबईला पुन्हा कळवलं आणि आम्ही वाट बघत राहिलो. वलवणच्या बाजूनं धुकं यायचं ते दिवसचे दिवस हलायचं नाही. त्या धुक्यात आबा दिसायचे नाहीत, फक्त खोकला ऐकू यायचा. पुढे खोकायचीही ताकद राहिली नाही. ती शांतता मला जास्त भिववायची. भाद्रपदात आबा गेले.

बाटली आली ती दहाव्याच्या आदल्या दिवशी. मी ती दवाखान्यातल्या कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. माझा राग जात नव्हता. आबांवर, गड्यांवर, त्या बाटलीवर.

दहाव्याला इंद्रायणीच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसले होते, पण एकही खाली येईना. कुणीतरी म्हणालं, "बिडीत जीव आडाकलाय म्हाताऱ्याचा." आबांच्या मुलानं पिंडाजवळ विडीचा कट्टा ठेवला. तरी कावळा शिवेना. ऊन चढलं. माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली.

मग धोंडिबा उठला. त्यानं तो कट्टा उचलला, स्वतःच्या खिशातलाही काढला आणि दोन्ही नदीत फेकले. हात जोडून म्हणाला, "आबा, मी सोडतो." एवढंच बोलताना त्याला खोकल्याची उबळ आली. तोच तो आवाज. कावळा खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायला गेले, तर धोंडिबा पायरीवर बसलेला. डोळे जागरणानं लाल झालेले.

"बाई, सबूद दिला खरा, पन नुसत्या सबदानं जमंना," तो म्हणाला. "आबाची बाटली आली म्हनं. ती मला दे. पुरी दे. ह्या खेपंला कुनाला वाटनार न्हाई."