एकशे एकोणसत्तर

"मावशी, पाटी गेटबाहेर ठेवा. आत पाहुणे आहेत. वास येतो."

मुख्याध्यापक माझ्या आईला म्हणाले. सगळ्यांसमोर. शाळेच्या गुणगौरव समारंभाचा दिवस होता. मी दहावीत. पाहुण्यांना गुलाबाची फुलं द्यायला दारातच उभी होते.

आईनं मुकाट्यानं पाटी उतरवली. पाटीत केळीच्या पानात गुंडाळलेली पापलेटांची जोडी होती. आमच्या थळच्या कोळीवाड्यात रीत आहे, ज्यानं आपला मान राखला त्याला ताजी जोडी न्यायची. ती जोडी सरांसाठीच आणली होती तिनं.

मी मान खाली घातली. मला आईची लाज वाटली. हे लिहायला आज जड जातंय, पण वाटली.

खरं तर मीच तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. त्याला कारण होतं.

आमची शाळा सरकारी, पण कुणालाही घेत नाहीत तिथे. प्रवेश परीक्षा द्यायची, निवड झाली तरच आत. मी आत आले. चार वर्षं खिडकीजवळच्या बाकावर बसले, कारण शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावायची. दहावीच्या वर्षी राज्याची प्रज्ञा परीक्षा झाली. दोनशे गुणांची. बरोबर उत्तराचा गोळा काळा करायचा, मशीन तपासणार. मला ती परीक्षा फार आवडली होती. मशीनला वास येत नाही. आडनाव वाचता येत नाही.

मला एकशे एकोणसत्तर पडले. शाळेत तिसरी. "आय, बोर्डावर नाव लागंल माजा," मी घरी सांगितलं. आईनं अख्ख्या बंदरावर सांगितलं.

नाव लागलं. पण कुठे?

शाळेच्या दर्शनी भिंतीवर मोठा फलक होता. 'गुणवत्ता यादी'. सोनेरी अक्षरं, पाच नावं, पुढे गुण. आणि कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीवर, एक छोटा फलक. 'राखीव प्रवर्ग'. त्यावर पहिलं नाव माझं. मी आदल्या दिवशी पाहिलं आणि मूग गिळून घरी आले. कुणाला विचारणार होते? प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला जोडला होता, एवढीच माझी चूक. आईला म्हटलं, उद्या येऊ नको, नुसती भाषणं असतात.

ती आली.

आईला अक्षर वाचता येत नाही. आकडे येतात. रोज पहाटे बंदरावर म्हावऱ्याचा लिलाव होतो, त्यात ती उभी असते. तिथे मोठा आकडा बोलेल त्याचा माल. कोण बोललं ते कुणी बघत नाही.

पाटी गेटबाहेर ठेवून ती थेट मोठ्या फलकासमोर गेली. बोट ठेवून वाचू लागली. "एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे एकाहत्तर. एकशे त्रेसष्ट." थांबली. "बाय, तुजं एकशे एकोणसत्तर कुठं हाय?"

मी टाकीकडे बोट दाखवलं.

ती तिकडे जाऊन आली. पुन्हा मोठ्या फलकावर, एकाहत्तर आणि त्रेसष्टच्या मधे बोट टेकवलं. "हितं पायजे ना गो?"

सर जवळ आले. हसत म्हणाले, "मावशी, ती यादी वेगळी. ही ओपनची मुलं. तुमची मुलगी सवलतीच्या यादीत पहिली आहे की! पेढे वाटा."

"सवलत कसली, सर? तिचा पेपर सोपा व्हता काय?"

सर हसले. पाहुणेही हसले. आणि मी म्हटलं, "आय, गप बस ना." आईला म्हटलं. सरांना काही म्हणायची हिंमत नव्हती. ते मला अजून खुपतं.

समारंभ सुरू झाला. मोठ्या फलकावरची पाच मुलं एकेक करून स्टेजवर गेली. नाव, गुण, ट्रॉफी, शेजारी आईवडील. एकशे त्रेसष्टवाल्याला तिसऱ्या क्रमांकाची ट्रॉफी मिळाली. तो माझ्याच वर्गातला. खाली उतरताना त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं.

मग माइकवरून आवाज आला, "राखीव प्रवर्गातले सगळे एकदम या."

आम्ही सात जण गेलो. नावं कुणी घेतली नाहीत. प्रसाद वाटावा तशी प्रमाणपत्रं वाटली. मग फोटो. मागे खुर्च्यांवर पाहुणे, शेजारी ती पाच मुलं. "राखीववाले, पुढे खाली बसा."

सहा जण बसले. मला समोर आई दिसत होती. सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, टाचा वर करून मला शोधत होती. माझे गुडघे वाकेनात.

"बस ना," सर म्हणाले.

"नाही बसणार. आईला उत्तर द्या, सर. माझा पेपर सोपा होता का?"

डोळ्यांत पाणी आलं होतं. सरांनी शिपायाला खूण केली. शिपायानं दंडाला धरून मला खाली आणलं. फोटो निघाला. त्यात मी नाही.

गेटबाहेर आईनं पाटी डोक्यावर घेतली. "जोडी दिली नाय सरांना?" मी विचारलं.

"मान राखनाराला देतान ती."

दुपारी आम्हीच खाल्ली ती जोडी.

प्रमाणपत्र मी परत पाठवलं. सोबत अर्ज. मग आणखी दोन अर्ज. एकाला उत्तर आलं: 'यादी नियमानुसार आहे.' कुठला नियम, ते लिहिलं नव्हतं. आता मी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. सरांची बदली झाली. दोन्ही फलक तिथेच आहेत. दरवर्षी नवी नावं चढतात, एक यादी दारात, एक टाकीवर. माझ्यानं काही झालं नाही. होईल असंही दिसत नाही.

तरी गुणगौरवाच्या दिवशी मी जाते. मोठ्या फलकावर बोट ठेवते आणि आईच्या लिलावातल्या आवाजात, अख्ख्या शाळेला ऐकू जातील असे आमच्या वर्षाचे आकडे बोलते. एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे एकाहत्तर. एकशे एकोणसत्तर. एकशे त्रेसष्ट. शिपाई मला बाहेर काढतो. पुढच्या वर्षी मी पुन्हा जाते.

बंदरावर एकदा बोललेला आकडा मागे घेत नाहीत. मी माझा बोलले आहे. टाकीवरचा फलक उतरेपर्यंत बोलणार.