बॉनेटच्या पलीकडे

आमच्या कंपनीची पहिली शिफ्ट भल्या सकाळी सुरू होते. हिवाळ्यात दिघीतून निघताना बाहेर चांगलाच अंधार असतो. चाकणपर्यंत मी स्वतःच गाडी चालवत जाते. गाडी सेकंडहँड, हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडलेल्या. एकदा चऱ्होलीच्या पुढे समोरून आलेल्या कंटेनरच्या उजेडाने डोळे दिपले, आणि तो जातोय तोच अगदी पुढ्यात उसाची ट्रॉली! मागे ना लाल दिवा, ना रेडियमची पट्टी. ब्रेक वेळेवर लागला म्हणून वाचले.

घरी हे सांगितलं तेव्हा माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, एचआयडी दिवे बसवून देतो. दिवस उगवल्यासारखा उजेड पडंल बघा."

ते लातूरहून आलेले, आमच्याकडेच राहतात. भोसरीच्या एका वर्कशॉपात विजेच्या पॅनलचं वायरिंग करतात. त्यामुळे काळजीचं कारण दिसलं नाही. रविवारी दुपारी ते पार्किंगमध्ये कामाला लागले. नवे बल्ब, वायरींचं जुडगं आणि बॅलास्ट नावाचे दोन चपटे डबे. बॅटरीचं व्होल्टेज या डब्यांतून कितीतरी पटींनी वाढून बल्बला जातं, हे त्यांनीच मला समजावलं. गाडी नुकतीच धुतलेली, फरशी ओली, आणि भाऊजी अनवाणी. हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

दिवस कलल्यावर त्यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. बॉनेट वर केलेलं, त्यामुळे समोरची काच पूर्ण झाकलेली. मला फक्त त्यांचा आवाज येत होता.

"लावा वहिनी."

मी बटण फिरवलं. बाजूच्या काचेतून दिसणारी भिंतीची कड पांढरीफटक झाली, मग डावीकडचा उजेड फडफडायला लागला.

"राहू द्या चालू. कनेक्टर ढिला हाय, दाबतो."

चट्ट असा आवाज झाला. मग काहीतरी धाडकन पडलं. मग काहीच नाही.

"भाऊजी?"

"भाऊजी, बोला ना!" बॉनेटच्या त्या पत्र्यामागे काय झालंय ते दिसत नव्हतं आणि बघायची हिंमतही होत नव्हती. कशीबशी किल्ली बंद केली, उतरले, पण गाडीला हात लावायची भीती वाटली. लांबून वळसा घालून पुढे गेले.

ते भिंतीशी पडले होते. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते. उजवा हात छातीशी आवळलेला, बोटांची टोकं काळपट. मी ओरडले. वॉचमनकाका धावत आले, त्यांनी गाल थोपटले, तेव्हा कुठे भाऊजींनी जोरात श्वास घेतला.

"हात कुठंय माझा?" असं त्यांनी विचारलं. हात जागेवरच होता, त्यांना कळत नव्हता.

रिक्षात त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. दर सिग्नलला मी नाकापुढे बोट धरत होते. यांना फोन लावला तर ते शिफ्टवर, उचलेनात. लातूरला सासूबाईंना काय तोंड दाखवायचं, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

दवाखान्यात ईसीजी काढला. डॉक्टर कागद बघत राहिले आणि मी त्यांच्या भुवया बघत राहिले. शेवटी ते म्हणाले, "हृदय ठीक आहे. आजची रात्र इथेच ठेवू."

पडद्याआडून भाऊजींचा आवाज आला, "वहिनी, अर्थिंगच ढिलं राहिलं असंल. पुढच्या रविवारी..."

"पुढचा रविवार नाही न् काही नाही!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की नर्स आत आली. मग मलाच रडू फुटलं, आणि ते डाव्या हाताने माझी ओढणी धरून "बरं बरं" म्हणत राहिले.

ते दिवे आम्ही मेकॅनिककडून काढून घेतले, साधे बल्ब नवे बसवले, काचा पॉलिश केल्या. भाऊजींचा हात आठवडाभरात सुधारला. पॅनलचं काम ते अजून करतात. संध्याकाळी यायला जरा उशीर झाला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते.